हार्ड डिस्कला वाहिलेलं कुंकू

अप्पाकाका,

डिस्क चालू झाली. तुमचंच बरोबर होतं. फक्त डबी गेली होती.

हे मी तुमच्यासमोर कबूल केलं असतं तर तुम्ही खुर्चीतून न उठता आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला असतात, "मंदा, ऐकलंस गो? कॉन्व्हेंट हरली!" काकूंनी आतूनच विचारलं असतं, "कशात?" मग तुम्ही सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली असती, माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखी. बहुधा म्हणूनच मी इतके महिने गप्प राहिले. आता तुमचं तेरावं होऊन गेलं. तुमच्या खुर्चीवर काकूंनी धुतलेल्या चादरींची चळत ठेवली आहे. ओरडायला कोणी नाही, तर मीच लिहून टाकते.

फणसवाडीत आपली दारं समोरासमोर. आई ऑफिसातून येईपर्यंत मी कॉन्व्हेंट शाळेचा टाय न सोडता तुमच्या उंबऱ्याशी बसायचे. तुम्ही भोईवाड्याच्या कोर्टातून येऊन चहा घ्यायचात आणि मला एकच प्रश्न विचारायचात, "काय गो कॉन्व्हेंट, आज किती शब्द बोललीस?" मी बोटं दाखवायचे. कधी चार, कधी सहा. तुम्ही त्यावर हसत नसायचात, कारकुनासारखी मान डोलावून नोंद घ्यायचात. मग एक दिवस तुम्ही गॅलरीत स्टुलावर कॅरमबोर्ड मांडलात आणि म्हणालात, "ये. ह्याला बोलावं लागत नाही."

ते खोटं होतं, काका. पण ते कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आपण खेळलो ते सगळे डाव मी हरले. तुमची बोटं जाड, नखं कापलेली, फटका मात्र असा हलका की सोंगटीला पॉकेटपर्यंत जावंसं वाटावं. मी चुकले की तुम्ही काही शिकवायचा नाहीत. नुसते म्हणायचात, "अपिलात जा." निवृत्त झाल्यावर तर तुम्ही गॅलरीचंच कोर्ट केलंत. विनायकदादा तळमजल्यावरून खेळायला यायचा आणि दर डावाला भांडायचा. तेव्हा तुम्ही बोर्डावरच्या दिव्याच्या शेडला काकूंच्या केसांच्या रबराने फोन बांधलात. कॅमेरा खाली, बोर्डाकडे. "तोंडी पुरावा चालणार नाही," तुम्ही जाहीर केलंत. त्या दिवसापासून प्रत्येक डावाचं चित्रण व्हायला लागलं.

महिन्याभरात फोन भरला. माझा कॉलेजातला लॅपटॉप त्याच सुमारास बंद पडला होता. त्याची हार्ड डिस्क मी काढली, बाजारातून एक केस आणून तिच्यात घातली, दोन बारीक स्क्रू पिळले आणि दिवाळीला तुम्हाला दिली. तुम्ही ती हातात घेऊन उलटसुलट केलीत. मी समजावलं, "काका, आतली ती डिस्क. बाहेरची ही नुसती डबी. सगळं आतल्या डिस्कमध्ये राहतं. डबीचं काम फक्त डिस्कला कंप्युटरशी जोडायचं."

"म्हणजे डबी वकील," तुम्ही म्हणालात. "पक्षकार आत."

हे तुम्ही लक्षात ठेवलंत. मी विसरले. विसरले म्हणजे काय, ते पुढे सांगते.

त्या डावाबद्दल आधी. तुम्ही कितीही वेळा सांगितला असलात तरी आज माझ्या बाजूने एकदा. माझी शेवटची एक पांढरी उरली होती आणि ती पॉकेटच्या तोंडाशी. तुमचीही एकच काळी, शिवाय राणी. तुम्ही राणी घेतलीत. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्याला आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं, नाहीतर राणी परत बोर्डावर येते. तुम्ही स्ट्रायकर मांडलात. तो खेळताना दोन्ही रेषांना टेकलेला असावा लागतो. मला समोरून स्पष्ट दिसलं की तो खालच्या रेषेला टेकलेला नाही. तुम्ही मारलंत, काळी गेली, डाव तुमचा झाला. नियमाने तो फाऊल होता. राणी आणि काळी परत बोर्डावर, पाळी माझी, आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव माझ्या हाताशी.

मी काहीच बोलले नाही. सोंगट्या गोळा केल्या, बोर्ड पुसला, घरी गेले. आठ दिवस ते माझ्या डोक्यात राहिलं. ऑफिसात लोअर परळला मी लोकांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते, तिथेही त्या ई-मेलने कळवते. नवव्या दिवशी तुम्ही बोरिक पावडर भुरभुरत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, परवाचा तो फाऊल होता."

तुम्ही डबा खाली ठेवलात. "कुठचा परवाचा?"

मी सांगितलं.

"आणि आज सांगतेस?" तुमचा चेहरा मला अजून आठवतो. चिडल्यासारखा मुळीच नव्हता. कोणीतरी भेट आणल्यासारखा होता. "त्याच वेळी बोलायचं गो. त्याच वेळी! आठ दिवसांनी तक्रार म्हणजे मुदतबाह्य. तरी मी दाखल करून घेतो. पुरावा आण."

"पुरावा तुमच्याच डिस्कमध्ये आहे."

"मग उघड. पुरावा ज्याचा दावा त्याने आणायचा. मी नाही आणून देणार."

वर पैज लावलीत. तुम्ही हरलात तर मंडळाच्या सत्यनारायणाला माइकवरून जाहीर करणार की मी तुम्हाला कॅरममध्ये हरवलं, पूर्ण नावानिशी. मी हरले तर वाडीच्या जानेवारीतल्या कॅरम स्पर्धेला तुमच्या जागी पंच म्हणून बसायचं. मी काकूंना म्हटलं, "ह्या दोन्ही शिक्षाच आहेत." काकू शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "त्यांच्याकडे निर्दोष कोणी सुटत नाही गो."

त्यानंतर दर रविवारी तुम्ही विचारायचात, "पुरावा?" मी म्हणायचे, "पुढच्या रविवारी." तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या रविवारी पेन्सिलीने बारीक टिंब करायचात. मला दोन मिनिटांचं काम होतं. डिस्क जोडायची, डाव शोधायचा, बघायचा. मी जोडत नव्हते.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला तुम्ही पाट मांडलात. काकूंची शिलाई मशीन मोठी म्हणून ती जागेवरच. पाटावर इस्त्री, पक्कड, तुमचा कोर्टातला जुना पेन, स्ट्रायकर आणि मधोमध हार्ड डिस्क. मी सोनं द्यायला आले तोवर पूजा झाली होती. डिस्कवर झेंडूचं फूल, हळद, भरपूर कुंकू, अक्षता, आणि फुलाने शिंपडलेलं पाणी. पाणी कडेच्या खाचेत गेलं होतं, जिथे वायर लागते नेमकी तिथे, आणि आपल्याबरोबर कुंकू घेऊन गेलं होतं.

"अप्पाकाका, हे काय केलंत!"

"शस्त्र आहे ते माझं."

संध्याकाळी तुमच्या कंप्युटरला वायर लावली. दिवा एकदा लागला, एकदा थरथरला, विझला. मी वायर काढून पुन्हा लावली. काही नाही. दोन मिनिटं प्रयत्न केला, जास्तीत जास्त. मी म्हणाले, "गेली."

"कोण गेलं? वकील की पक्षकार?"

"सगळंच गेलं, काका."

"डिस्कपर्यंत कुंकू कसं जाईल? तूच म्हणालीस, आतलं वेगळं, बाहेरचं वेगळं. डबी बदलून बघ."

"असं नसतं ते. तुम्हाला नाही कळणार."

हे मी बोलले. तुम्हाला नाही कळणार. मोजून तीन शब्द आणि तिन्ही वाया. कारण मला चांगलं माहीत होतं की असंच असतं ते. स्क्रू मी माझ्या हाताने पिळलेले होते. आतली डिस्क ठीक असण्याची शक्यता खूप होती. पण दिवा विझला तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? सुटले. जन्मात एकदा मी कोणाच्या तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही चुकलात, आणि तेच चुकीचं निघालं तर? पुरावाच गेला म्हणजे मी बरोबर असण्याची शक्यता तरी शाबूत राहणार होती. वर मी तुम्हालाच चिडवलं, "आरोपीने पुरावा नष्ट केला." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. पण हसून झाल्यावर म्हणालात, "डबी बदल गो."

दिवाळीत म्हणालात. डिसेंबरात म्हणालात. कॅलेंडरवर टिंबं पडत राहिली. पुढचं कॅलेंडर आलं तेव्हा त्यावर टिंबं करायला तुम्ही नव्हता.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. हातात पेढ्यांचा रिकामा पुडा, त्यात डिस्क. "ही ठेवायची की द्यायची? तू म्हणालेलीस ना, गेलीय." मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "मी बघते एकदा."

मी लॅमिंग्टन रोडला चालत गेले. रस्ताभर वाक्याची तालीम करत होते. दुकान म्हणजे जिन्याखालचा एक खण, आत एक दुकानदार, चष्मा कपाळावर.

"हार्ड डिस्क का केस चाहिए. लॅपटॉपवाली, ढाई इंच."

"पिन साटावाली है ना? ये लो."

घेऊन आले. डिस्क आत सरकवली, पिना बरोबर बसल्या, पण झाकण लागेना. दाबलं तरी लागेना. डिस्क जाड होती, केस पातळ. काका, तुम्हाला माहीत आहे, मी वस्तू परत करत नाही. अर्ध्या मापाने लहान चप्पल मी दोन वर्षं वापरली आहे. झाकण न लावता रबर गुंडाळून काम भागवावं असं मनात आलंही. काकू बघत होत्या. म्हणाल्या, "उघडी राहिली तर पुढच्या दसऱ्याला थेट आतच कुंकू जाईल." मी उठले आणि परत गेले.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, ये पुरानेवाली है, मोटी. साढ़े नौ एमएम. आजकल सात आता है. नाप के आना था ना."

"आपने पूछना था," मी म्हणाले.

मी म्हणाले, काका! दुकानदाराला! तो हसला, म्हणाला, "ये भी सही है," आणि बदलून दिली.

त्याआधी दुपारी तुमच्याच गॅलरीत, बोर्ड उलटा टाकून त्यावर मी जुनी डबी उघडली होती. आतलं हिरवं सर्किट वायरीच्या खाचेपाशी लाल झालेलं, एक पीन गंजून काळी पडलेली. कुंकू तिथेच थांबलं होतं. पुढे डिस्कला एक कणही नाही. डिस्क जशी घातली होती तशी, चकचकीत. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाल्या, "बघ, देवाने उंबऱ्यावरच थांबवलं." मग लगेच, "तरी मी सांगत होते, पाणी नका शिंपडू. माझं कधी ऐकलंय?"

नवी केस, नवी वायर. जोडली. निळा दिवा लागला. मी डिस्क तळहातावर घेतली होती. आत काहीतरी फिरायला लागलं, अगदी बारीक थरथर, हातात चिमणी धरल्यासारखी. काकूंना म्हटलं, हात लावा. त्यांनी एक बोट टेकवलं आणि पटकन काढून घेतलं. मग पूर्ण तळवा ठेवला.

तुम्ही दोन फोल्डर केले होतेत. एकाचं नाव "निकाली". त्यात सगळे डाव, विनायकदादाचे, माझे, शेजारच्या वाडीतल्या लोकांचे. आम्ही त्यातला एक लावला. वरून घेतलेलं चित्रण, त्यामुळे चेहरा कोणाचाच नाही. नुसता बोर्ड, हात, आणि मधूनच खालून उगवून अर्धा बोर्ड झाकणारं तुमचं टक्कल. काकू हसत सुटल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "टक्कल पण साठवून ठेवलंय गो! परत लाव." मी परत लावलं. चार वेळा तरी लावलं असेल.

दुसऱ्या फोल्डरचं नाव "प्रलंबित". त्यात फक्त आपला डाव होता. पण फायली दोन. एक पूर्ण डाव. दुसरी वीस-एक सेकंदांची, कापून वेगळी केलेली. कापायचं मीच तुम्हाला शिकवलं होतं. तिचं नाव "निशाणी १", कोर्टात पुराव्यावर घालतात तसं.

मी ती उघडली. तुमचा हात येतो. स्ट्रायकर मांडतो. मी चित्र थांबवून मोठं केलं. स्ट्रायकर वरच्या रेषेला टेकलेला. खालच्या रेषेलाही टेकलेला. शिक्का मारल्यासारखा, दोन्हींवर नीट. फाऊल नव्हता. मी समोरून, तिरकं बघत होते. वरून बघणाऱ्याला अजिबात शंका येऊ नये असं ते होतं.

मग मी फाईलवरची तारीख पाहिली. मी तक्रार केली त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून तुम्हाला माहीत होतं. सगळे रविवार, सगळी टिंबं, दसरा, दिवाळी. तुमच्या हातात निकाल होता आणि तुम्ही मला विचारत होता, "पुरावा?" मी तुम्हाला आरोपी म्हटलं तेव्हा तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. आता कळलं, का ते.

मी काकूंना विचारलं, "सांगितलं का नाही त्यांनी? एका मिनिटात संपलं असतं."

काकूंनी पेढ्यांचा पुडा घडी घालून सपाट केला. म्हणाल्या, "हरलेलं माणूस घरी येईनासं होतं गो. भांडणारं येत राहतं."

मला तुमच्यावर रागवायचं होतं. थोडी रागावलेही. मग रडले, मग बोर्ड सुलटा केला आणि तुमच्या आवडीच्या बाजूला बसून एकटीने सोंगट्या मारल्या. तिथे बसल्यावर कळलं, तुम्हाला समोर मी सतत दिसत असणार. गप्प बसलेली, काहीतरी पाहिलेलं आणि न सांगितलेलं तोंडावर घेऊन. पंधरा वर्षं.

जुन्या डबीचं काय करायचं ह्यावर काकूंचं आणि माझं जमलं नाही. मी म्हटलं ई-कचरा. त्या म्हणाल्या, पूजा झालेली वस्तू कचऱ्यात नाही जाणार, निर्माल्यात जाईल. शेवटी मी सर्किट काढून घेतलं. रिकाम्या डबीत तुमचा स्ट्रायकर बरोब्बर बसतो, झाकणासकट. थोडं कुंकू अजून कोपऱ्यात आहे.

पैज ती पैज. स्पर्धा पुढे ढकलायची का, म्हणून विनायकदादा विचारायला आला होता. काकू म्हणाल्या, "बोर्डाला कसलं सुतक?" मग त्याने पंच कोण असं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. विनायकदादा म्हणाला, "ही? हिचा आवाज येतो?"

काल रविवारी मी पंच म्हणून बसले, तुमच्याच गॅलरीत. खिशात डबी, डबीत स्ट्रायकर. शेडला फोन बांधला, त्याच रबराने. वाडीतली सगळी माणसं कठड्याला टेकून. पहिलाच सामना विनायकदादाचा. त्याने राणी घेतली आणि कव्हरसाठी स्ट्रायकर मांडला. मला बसल्या जागेवरून वाटलं, खालची रेषा सुटलीय. ह्या वेळी मी समोरून बघून थांबले नाही. उठले, वाकले, बरोबर वरून पाहिलं. त्याने मारलं. सोंगटी गेली. टाळ्या पडल्या.

"फाऊल," मी म्हणाले.

टाळ्यांत कोणाला ऐकू गेलं नाही. अजून बसून घेता आलं असतं.

"फाऊल! खालची रेषा सुटली. राणी परत ठेव."

विनायकदादा माझ्याकडे बघत राहिला, मग तुमच्या रिकाम्या दाराकडे. "आयला, अप्पा गेले कुठे, इथेच बसलेत!" कठड्यावरची माणसं हसली. काकू सगळ्यांत जोरात. पण त्याने राणी काही लगेच ठेवली नाही. "मला मान्य नाही. व्हिडिओ दाखव."

"राणी आधी ठेव. व्हिडिओसाठी तारीख मिळेल," मी म्हणाले.

त्याने ठेवली, काका. त्याच वेळी बोलले आणि त्याने राणी ठेवली.

घरी आल्यावर मी डिस्क जोडली. आपला डाव "प्रलंबित"मधून उचलून "निकाली"मध्ये टाकला. निकाल तुमच्या बाजूने, माझ्या खर्चासह. फोल्डर रिकामं बरं दिसेना, म्हणून कालचा डाव त्यात ठेवला. चित्रण मी अजून पाहिलेलं नाही, पण पाहणार आहे, आजच. विनायकदादा सकाळी जिन्यात भेटला. "पुरावा?" म्हणाला.

मी त्याला पुढचा रविवार दिला आहे. कॅलेंडरवर टिंबही केलं आहे, तुमच्या पेन्सिलीने.